हवालदारांना न सुटलेला प्रश्न

त्या गावात एस.टी.तून उतरणाऱ्या नव्या माणसाला आधी हवालदार भेटत, मग गाव. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी तासगावजवळच्या त्या खेड्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात स्टोव्ह. पिळदार मिशांचा, पन्नाशीचा एक उंच गृहस्थ पुढे आला.

“नव्या बाई का?”

“हो.”

“बुद्धाबद्दल एक प्रश्न इचारा.”

मी घाबरून विचारलं, “शाळा कुठं आहे?”

“ह्यो बुद्धाबद्दलचा न्हाई,” ते म्हणाले आणि माझी वळकटी उचलून शाळेकडे चालू लागले.

दादू हवालदारांनी एकवीस वर्षं फौजेत काढली होती. मधल्या एका रजेत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. निवृत्त झाल्यावर वस्तीवर पत्र्याचं छोटं विहार उभारलं आणि दर पौर्णिमेला दुपारी तिथे प्रवचन सुरू केलं. प्रवचन संपलं की परेडवर देतात तशा आवाजात हुकूम सुटे, “प्रश्न!” समोरची पोरं दचकून सरळ बसत. कुणीच काही विचारलं नाही तर ते चिडत. “प्रश्न न्हाई म्हंजे तुमी ऐकलंच न्हाई. पुन्यांदा सांगतो.” दोनदा ऐकावं लागू नये म्हणून लोक घरूनच प्रश्न घेऊन येत.

आणि हवालदारांपाशी प्रत्येकाला उत्तर असे.

“बुद्ध देव हुता का?”

“न्हाई. मानूस हुता. तुमच्यासारखाच, पर डोकं चालवायचा.”

“मग नवस कुनाला बोलायचा?”

“सोताच्या हातापायाला. फेडाया बी लांब जावं लागत न्हाई.”

“डोक्यावर त्या गोगलगायी कशापायी?”

“केस हायती, गाढवा! कुरळं केस.”

“आनि कान एवढं लांब?”

“राजाचा ल्योक. कानात सोन्याची जड कुंडलं. कुंडलं सोडली, कान तसंच ऱ्हायलं.”

एकदा शिवा गवंड्याने विचारलं, “तृष्णा म्हंजी नेमकं काय वं?” हवालदार म्हणाले, “मगाशी तू च्या पिलास. आता किटलीकडं बघतुयास. तीच.” शिवाने मान फिरवली खरी, पण थोड्या वेळाने पुन्हा किटलीकडे बघितलंच.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी, तानूबाई, कधी बोलत नसत. त्या मागे भिंतीला टेकून शेंगा फोडत ऐकायच्या. मला वाटायचं, ऐकतही नसाव्यात.

वैशाखी पौर्णिमेला सांगलीहून मोठे वक्ते यायचे होते. चार गावची माणसं जमली, मांडव पडला. वक्त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि हवालदारच उभे राहिले. त्या दिवशी ते फार रंगले. सिद्धार्थ महाल सोडतो, झोपलेली यशोधरा, कुशीत तान्हं बाळ, दारात घोडा. बायका पदराने डोळे पुसत होत्या. हवालदारांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला आणि गरजले, “प्रश्न!”

“एक हाय,” तानूबाई म्हणाल्या.

हवालदार चपापले. “इचार.”

“त्येनं बायकूला उठवलं का न्हाई?”

“उठवली असती तर तिनं जाऊ दिलं नसतं.”

“ते इचारल्याबिगर कसं कळलं?”

“हे इषयाला सोडून हाय.”

“इषय त्योच हाय,” तानूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “त्येनं निदान झोपल्याली बघून सोडली. तुमी मला टक्क जागी असताना सोडलीत. पोरगी दोन म्हैन्यांची. ‘तासगावास्नं मिरच्या आनतो’ म्हनलात आनि पलटनीत भरती झालात. तीन म्हैन्यांनी पत्र आलं. मिरच्या आल्याच न्हाईत.”

आधी शिवा गवंडी हसला, मग सगळे. हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. “सभा बरखास्त,” एवढंच म्हणून ते खाली उतरले.

पुढचे आठ दिवस ते स्टँडवर दिसले नाहीत. नवा ग्रामसेवक आला, त्याला ‘प्रश्न इचारा’ म्हणायला कुणी नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या शेजारी दळण आणायला गेले होते. तानूबाई ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. हवालदार इस्त्रीचे कपडे घालून, पिशवी घेऊन बाहेर आले, थबकले, आणि वाकून त्यांचा खांदा हलवू लागले.

“तानू, ऊठ. मी चाललोय.”

“कुठं?” त्या धडपडून उठल्या.

“सातारला. भंतेंस्नी तुझा प्रश्न इचाराया. जाऊ का?”

“जावा की! त्येच्यासाठी झोप मोडली व्हय माझी?”

दोन दिवसांनी परत येताना ते आधी शाळेत आले. मुलांच्या बाकावर कसेबसे मावले. “बाई, भंते म्हनले, बुद्ध परत आला तवा समदं गाव त्येला भेटाया आलं, यशोधरा आली न्हाई. म्हनली, माझ्यात काय चांगलं असंल तर त्योच येईल. मग त्यो आपन होऊन तिच्या दारात गेला.” पिशवी बाकावर ठेवत म्हणाले, “हे मला ठावं हुतं. सांगायचं ऱ्हायलं. मी दर खेपंला घोड्यावरच थांबत हुतो.”

घरी जाऊन ते बायकोसमोर मांडी घालून बसले. “बोल. मी ऐकतो.”

तानूबाई बोलल्या. पूर्ण चार दिवस. भाकरी थापताना, ओढ्यावर धुणं धुताना, शेळीला पाला घालताना, आणि हवालदार पाटलामागच्या शिपायासारखे मागोमाग, “हां, पुढं?” म्हणत. पहिल्या दिवशी एकच वर्ष सरलं. दुसऱ्या दिवशी पोरीचा गोवर आणि सासूचं आजारपण. तिसऱ्या दिवशी हवालदार ओढ्याच्या दगडावर बसून रडताना मी पाहिले, आणि तानूबाई ओल्या हाताने त्यांना ढोसत म्हणत होत्या, “रडाया काय झालं? अजून चौदा वर्सं हायती.”

पुढच्या पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. हवालदार म्हणाले, “त्येनं उठवलं न्हाई, हे खरं. तिला दुःख झालं, हे बी खरं. परत आल्यावर तिच्या दारात त्योच गेला. मला मातर आमच्या दारात जायाला लय उशीर झाला.” मग बायकोकडे बघून, एरवीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात म्हणाले, “पटलं का?”

“निम्मं,” तानूबाई म्हणाल्या. “निम्मं पुढल्या पुनवंला.”

त्या पौर्णिमेआधी माझी बदली कराडकडे झाली. काही वर्षांनी तासगावच्या बाजारात शिवा गवंडी भेटला. हवालदार थंडीत गेले, म्हणाला.

“तानूबाईंना शेवटी पटलं का रे?” मी विचारलं.

“कशाचं वं, बाई! हवालदार दर पुनवंला इचारायचं, आनि दर पुनवंला म्हातारी म्हनायची, थोडं ऱ्हायलंय. मागं मी तिला गुपचूप इचारलं, तर म्हनली, ‘समदं पटलं म्हनलं तर ह्यो मानूस परत माझ्याकडं बघून बोलंल का?’”