राहिलेला अंतरा

भोरच्या एसटी स्टँडसमोर पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात, आणि ती बघितली की माझं डोकं फिरतं. जुन्या मालकाचा एकच नियम होता, लावलेलं गाणं मधेच बंद करायचं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल.

वेल्ह्याकडच्या कुठल्याशा वाडीवरचे एक बाबा दर बाजाराला तिथं यायचे. खांद्यावर घोंगडी. पायरीखाली वहाणा काढायच्या आणि चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहायचं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

परवा चार्जर घ्यायला गेलो, तर बाबा तिथंच उभे. वहाणा आजही पायरीखाली. नवा मालक गिऱ्हाइकाला स्पीकर दाखवत होता. मुखडा संपतोय तोच त्यानं गाणं तोडलं, दुसरं लावलं, तेही तोडलं.

"अंतरा तर हू द्या की," बाबा म्हणाले.

"आजोबा, गाणं कोण ऐकतंय? आवाज बघतोय फक्त."

"जेवत्या माणसाला ताटावरनं उठवतं व्हय कुणी?" बाबा कडाडले, आणि राहिलेला अंतरा त्यांनी स्वतःच गायला घेतला. आवाज फाटलेला होता, सूर मात्र जागेवर. शेवटची ओळ झाल्यावरच त्यांनी वहाणा घातल्या.

तोवर सगळ्यांचे मोबाईल वर गेलेले. संध्याकाळी तो व्हिडिओ माझ्याकडेही आला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. काढणाऱ्या गाढवानं तो अंतऱ्याच्या मधेच तोडला होता.