कॅमेरा न लावलेलं घर

जाधवबाईंच्या घरात काही बसवायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. महाडजवळच्या नाते गावच्या शाळेत त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. पुढे मी महाडात वायफाय जोडण्याचं काम करू लागलो, तरी त्यांच्यासमोर हात मागे बांधूनच उभा राहायचो.

निवृत्तीनंतर बाई एकट्या राहत. एकदा मोरीत घसरल्या आणि मुंबईचा मुलगा मिलिंद हट्टाला पेटला, मुंबईला चल, नाहीतर घरभर कॅमेरे लावतो. बाईंनी मला बोलावून घेतलं. शाळेबाहेर त्या गावचंच बोलत.

"कॅमेरा नको. मी घरात रडते, कधी नाचतेसुद्धा. ते कुणी बघायचं नाय. न बघता कळेल असं काय हाय ते आण."

मी दोन यंत्रं नेली. एक वायफायच्या लहरींवरून हालचाल ओळखायचं. दुसरं छोटं रडार होतं, त्याला श्वासाने हलणारी छातीही कळे. बाईंनी दोन्ही चालू करायला लावली आणि पुस्तक घेऊन खुर्चीत बसल्या. तासाभरात मिलिंदचा घाबरून फोन आला. पहिल्या यंत्राने त्याच्या मोबाइलवर कळवलं होतं, घरात कोणी नाही.

"वाचत बसलेली बाई घरात धरत नाय होय रे? काढ ते."

रडार राहिलं, पण अटींवर. चालू-बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी, लाईट गेली तर बॅटरी, इशारा आधी शेजारच्या सुनंदाला, मग मिलिंदला. घरी कोण येतं-जातं याचीही नोंद मिलिंदला हवी होती. बाईंनी त्याला फोनवरच सुनावलं, "पडले तर तुला कळेल. कुठं गेले ते मी सांगेन, सांगावंसं वाटलं तर."

पुढे त्या खरंच पडल्या. इशारा आला, सुनंदा धावली, महाडच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. मिलिंद आला.

"आता तरी चल, आई."

"का? पडले, कळलं, माणसं आली. सगळं ठरल्यासारखं झालं."

तो आठ दिवस राहिला, भात-आमटी रांधून घातली, रोज विचारलं. उत्तर बदललं नाही. शेवटपर्यंत, आणखी तीन वर्षं, बाई त्याच घरात राहिल्या.

त्या वेळी नवव्या दिवशी मिलिंदला वीर स्टेशनला सोडायला मी रिक्षा घेऊन गेलो. बाई कुबड्यांवर दारात उभ्या होत्या. मिलिंद मान खाली घालून रिक्षात बसला.

"पोचलास की फोन कर," त्या म्हणाल्या. "एकटा जातोयस, काळजी वाटते."