चिंचेनं घासलेलं पिस्तूल

...तर माझी चूक झाली ती फोनवरच. जुनी वस्तू विकत घ्यायला निघणार असाल, तर मराठी घरात आधी फोन करून "रविवारी बघायला येतो" असं चुकूनही सांगू नका. का, ते कळेलच.

माझा मावसभाऊ मिलिंद बेंगळुरूला, बोम्मसंद्राच्या एका कंपनीत आहे. आधी तो चामराजपेटला एका जोडप्याकडे भाड्यानं राहायचा. मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या तिथलेच. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणते. त्यांच्या देवघरात ठासणीचं एक फौजी पिस्तूल, आणि अण्णांना ते विकायचंय. मिलिंदनं फोटो पाठवला. नळीवर काय झाक होती! काळपट तांबूस, जुन्या गुळासारखी. मी फोटो घेऊन इतका बसायला लागलो की आई म्हणाली, "स्थळ आलंय का रे?"

या विषयावरची पुस्तकं मी भरपूर वाचलीत, सगळी इंग्लिश. खरं पिस्तूल मात्र कधी हातात धरलं नव्हतं. पगारातून साठवलेले आठ हजार चोरखिशात घातले, एसटीडी बूथवरून अण्णांना तो ऐतिहासिक फोन केला आणि शुक्रवारी दुपारी स्वारगेटहून लक्झरी बस पकडली.

बसची सीट मागच्या चाकावरची घेऊ नका, हाडं मोजून होतात. व्हिडिओ लागतो, म्हणून कानात घालायला कापूस न्या. आणि सकाळी तुमकूरला गाडी थांबली की डुलक्या सोडून खाली उतरा. थट्टे इडली म्हणजे ताटलीएवढी एकच इडली, वर लोण्याचा गोळा. दहाच्या नोटेत पोट भरलं आणि सुटे परत आले.

शनिवारी मिलिंद ऑफिसात, म्हणून मी एकटाच चिकपेटला गेलो. ऑटोवाला कोपऱ्यावरच सोडतो, पुढे चालायचं. साड्यांच्या दुकानांमध्ये एक पितळेच्या वस्तूंचं दुकान, आणि तिथे दारातच पिस्तूल टांगलेलं!

"ओरिजिनल, सर! सुलतानाच्या फौजेचं!" दुकानदार हिंदीत म्हणाला.

मी वरचा घोडा अंगठ्यानं मागे ओढला. तो मध्ये कुठे थांबलाच नाही. खऱ्या फौजी पिस्तुलाचा घोडा दोनदा अडकतो. एकदा अर्ध्यावर, म्हणजे चुकून उडू नये म्हणून, आणि एकदा पूर्ण मागे. इथे लाकूड आणि लोखंडाच्या फटीत पोस्टकार्ड गेलं असतं. स्क्रूच्या खाचा करकरीत नव्या. वर ठोकलेला इंग्रजी मुकुटाचा शिक्का मोदकासारखा दिसत होता. मी हे सगळं त्याला समजावलं, माझ्या हिंदीत.

"एवढं माहितीय तर दुकानच टाका ना, सर," तो म्हणाला. "तोपर्यंत हे घ्या. स्वल्प कमी करतो."

रविवारी मी एकदम कॉन्फिडंट. मिलिंदबरोबर चामराजपेटला पोचलो. अण्णांनी हाताला धरून बसवलं. अवलक्की आली, म्हणजे आपले पोहेच. मग अक्का आतून ताट घेऊन आल्या. वर लाल कापड, त्यावर झेंडूचं फूल, हळदकुंकू, आणि मधोमध पिस्तूल. चकाचक! स्टीलच्या नव्या तांब्यासारखं!

"बुधवारपासून घासतेय बा," अक्का म्हणाल्या. "चिंच, मग रांगोळी, परत चिंच. खंडेनवमीला नुसतं पुसून पुजतो आम्ही. पण तू पुण्याहून बघायला येणार, काळं कसं दाखवायचं?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. संग्राहक पैसे मोजतात ते त्या झाकेचे, मंडळी! ती यायला दीडशे वर्षं लागतात. ती गेली की भाव निम्मा. मुकुटाच्या कडा गुळगुळीत झालेल्या, अक्षरं पुसट. तरी हातात घेतलं. घोडा ओढला. टक्. अजून ओढला. टक्. काय आवाज होता! लाकूड लोखंडाला असं चिकटलेलं की केस जाणार नाही. अण्णांच्या मदतीनं नळी उचकटली, तर खाली, चिंच पोचली नव्हती तिथे, तोच गुळाचा रंग आणि बारीक, रेखीव शिक्के. शंभर टक्के अस्सल.

"घरात आम्ही दोघंच," अण्णा म्हणाले. "आमच्यामागं याला कोण पुसणार? एक हॉटेलवाला मागतोय. भिंतीवर खिळे मारून लावतो म्हणे. मला ते नको. तुझा अभ्यास आहे, तूच योग्य भाव सांग. तू म्हणशील तो. सरी, ठीक ना?"

विकणाराच घेणाऱ्याला भाव विचारतोय! असं एकाही पुस्तकात नव्हतं.

"फोर," मिलिंद पोह्यांत बघत पुटपुटला. "मॅक्झिमम फोर." आणि हिशोबानं तो बरोबरच होता. घासण्याआधीचे आठ, आताचे चार.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चिंचेनं त्यांच्या बोटांची टोकं अजून सुरकुतलेली. "चांगलं झालंय ना रे?"

"आठ हजार," मी म्हणालो.

मिलिंदला ठसका लागला. अण्णा हसायला लागले. "पुणेकर भाव वाढवून देतो, हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं."

"मी सांगत नव्हते?" अक्का त्यांच्याकडे वळल्या. "काळं होतं तेव्हा हॉटेलवाला चार म्हणाला. घासलं तर आठ!"

मी मान डोलावली.

कामाची गोष्ट म्हणजे, पिस्तुलाचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, शिशानं बुजवलेला आहे, ते उडत नाही, आणि तसा पोलीस ठाण्याचा दाखला अण्णांनी आधीच काढून ठेवला होता. त्याशिवाय तुम्हीही हात लावू नका. परतीच्या बसमध्ये पिस्तूल मांडीवर, खिशात वडापावपुरते पैसे. घरी आईनं उलटसुलट करून बघितलं. "आठ हजार? बरं, चकचकीत तरी आहे."

मी रोज नळी काढून फक्त खालची बाजू बघतो. खूश आहे मी, खरंच. म्हणजे, काल रात्री शेजाऱ्यांकडे मिलिंदचा फोन येईपर्यंत होतो.

"अक्कांनी भजनी मंडळात सांगितलं," तो हसत हसत सांगत होता. "घासलं की भाव दुप्पट, पुण्याचा तज्ज्ञ म्हणाला. कोपऱ्यावरच्या दुकानात चिंच मिळत नाहीये. दोन तलवारी झाल्या. एका कट्यारीवरचं सोन्याचं नक्षीकाम निम्मं निघून गेलं, पण चमकतेय काय! सगळे विचारतायत, बघायला कधी येतोस?"

आज दोनदा बूथपर्यंत जाऊन परत आलोय. अक्कांना काय सांगायचं, तेच सुचत नाही. तुम्हीच बोला, त्या रविवारी, त्या ताटासमोर बसून, तुम्ही काय भाव सांगितला असता?