धरायची जागा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मला त्या निळ्या डागाचा कंटाळा आला होता. आठवणींशी संबंध असलेला, बोटाएवढा एक भाग मेंदूत असतो. विसरण्याचा आजार जडलेल्या माणसांमध्ये त्याचा आकार कसा बदलतो, हे मी एमआरआयवरून बघत होते. निरोगी माणसांच्या तुलनेत पृष्ठभाग जिथं आत गेलेला दिसे, तिथं कॉम्प्युटर निळा रंग भरी. डाग पुढच्या टोकाला येत होता. तसा लेखही लिहून झाला होता.

एका दुपारी एक चाचा बायकोला घेऊन आले. चाची आमच्या अभ्यासातल्या एक रुग्ण होत्या. चाचांनी जन्मभर शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी, लोखंड ओतायच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न बनवले होते.

"म्याडम, हिचं कुठं झिजलंय तेवढं दावा की."

मी स्क्रीन वळवली. हे चित्र सगळ्या रुग्णांच्या सरासरीचं आहे, एकट्या चाचींबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही, म्हटलं. हे इतक्यांदा सांगितलं होतं, की तोंड आपोआप चालायचं.

चाचा बघत राहिले. "आकार एकावर एक ठेवून बघितलासा न्हवं? कुठं धरून?"

"मधोमध."

"कास्टिंग तपासताना धरायची जागा बदलली की खोट दुसरीकडंच दिसती. म्हणून इचारलं."

हे मला ठाऊक होतं. करून बघायचा कंटाळा केला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मागची टोकं जुळवून सगळं पुन्हा चालवलं. डाग मधल्या भागात सरकला. तिसऱ्या पद्धतीनं जुळवलं, तर सगळीकडं फिकट निळं पसरलं. तो भाग रुग्णांमध्ये लहान झालेला होता, हे प्रत्येक वेळी दिसत होतं. नेमका कुठं, ते सांगता येत नव्हतं.

"मग लेखात उरलं काय?" माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

"लहान झालाय, एवढंच."

त्यांनी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बघितली. मग म्हणाले, "लिहा तसंच." शीर्षकासकट अर्धा लेख खोडताना मला वाईटही वाटेना, इतकी मी दमले होते.

चाचांना फोन करून सांगितलं, "पुढचं टोक दाखवलं होतं, ते पक्कं धरू नका."

"व्हय? बरं केलासा सांगितलं." मग म्हणाले, "आज सकाळी ती मला म्हणाली, पावणं, च्या घेणार का?"

"मग?"

"घेतला की. चांगला केलता."