ते बाईंना विचारा

अहमदपूरहून शाळेतल्या गोदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाई गेल्या गं," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला. कावेरीबाईंचं वय झालं होतं, झोपेतच गेल्या, तक्रारीला जागा नाही. तरी मला राग आला. कुणाचा, ते विचारू नका. पेपरात दोन ओळी आल्या, 'सेवानिवृत्त मुख्याध्यापिकेचे निधन'. बाईंना एवढ्यावर उरकलेलं मला बघवेना, म्हणून लिहायला बसले.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. नांदेडची आमची मुलींची शाळा म्हणजे चार खोल्या आणि सेक्रेटरीसाहेबांचा दरारा. साहेब पेशानं वकील, माणूस सचोटीचा, पण महाहट्टी. शाळा त्यांनीच पदरमोड करून उभी केलेली. आदल्या वर्षी एक शिक्षिका क्षयानं गेल्या, लोकांनी भराभर मुली काढून नेल्या, तेव्हापासून साहेबांचं फर्मान होतं की नोकरीला येणारीनं आपलं सगळं दुखणंखुपणं त्यांना सांगायचं. कावेरीबाई नव्या लागल्या होत्या. घरी आई, आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "मला लागणारं काही नाही. डॉक्टरांना विचारून आलेय. बाकीचं माझं मला राहू द्या." साहेबांनी ठेवून घेतलं खरं, पण ते बोलणं त्यांना रुचलं नव्हतं. हे सगळं आम्हाला पुढं कळलं.

आम्हाला मात्र बाईंनी पहिल्याच आठवड्यात दार लोटून खरं ते सांगून टाकलं. "मला फेफरं येतं," त्या म्हणाल्या. "हे भूत नाही, लागतही नाही. क्वचितच येतं, पण ज्यांच्यासमोर मी पडणार त्यांना माहीत पाहिजे." आमच्या घरांतून असं कुणाला झालं की चप्पल हुंगवत, कांदा फोडत, नाहीतर माहूरला देवीच्या पायावर नेऊन घालत. बाईंनी ते सगळं बाद केलं. टेबल बाजूला ओढायचं, डोक्याखाली कापडाची घडी द्यायची, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. कुणी काय करायचं ते वाटून दिलं. येण्याआधी त्यांना काहीतरी जळाल्याचा वास यायचा. मग त्या खाली बसत आणि म्हणत, "मुलींनो, पाढे." ज्यांना दुसरं काम नाही त्यांनी एकोणतीसचा पाढा शेजारच्या वर्गात ऐकू जाईल असा म्हणायचा, म्हणजे कुणी डोकावायला येत नसे. घरी सांगू नका, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आम्हीच सांगितलं नाही. एरवी कुणाच्या घरी काय शिजलं हे गल्लीभर करणाऱ्या आम्ही पोरी, पण हे पोटात राहिलं. आणि आमच्या वर्गाचे पाढे मात्र सगळ्या नांदेडात गाजले! साहेब तर पाहुण्यांना मुद्दाम आमच्या वर्गावर आणत.

दोन वर्षं अशीच गेली. मग एकदा बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि कुजबुज सुरू झाली. बाई दुसऱ्या वर्गावर असताना साहेब आमच्याकडे आले. त्यांनी गोदाला उभं केलं. गोदा शेतकऱ्याची, शिकायला म्हणून मावशीकडे राहिलेली, भिणं तिला माहीतच नव्हतं.

"तुमच्या बाईंची तबियत बिघडते का वर्गात?"

खोटं बोलायला बाईंनी शिकवलं नव्हतं. गोदा म्हणाली, "ते बाईला इचारा, साहेब. बाईचं हाय ते. आमाला कामून इचारून राहिलात?"

साहेब लालबुंद झाले. दुसरीला उभं केलं, तिसरीला केलं. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ बोलले, त्यातलं एवढं वाक्य मला अजून आवडतं.

बाईंना हे कळलं तसं त्या त्याच संध्याकाळी साहेबांच्या घरी गेल्या; तिथलं बोलणं पुढं त्यांनीच मला सांगितलं. "माझं दुखणं मी सांभाळलं असतं," त्या म्हणाल्या, "पण त्यापायी पोरींना उभं केलेलं मला चालणार नाही." आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नोकरी गेली असंच धरून गेल्या होत्या त्या.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

साहेब खऱ्याचे. म्हणाले, "नसतं ठेवलं."

"मग आता दोन वर्षांचं काम बघा आणि ठरवा."

साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे ते एकोणतीसचे पाढे..."

"हो. तेव्हाचेच."

बाईंची नोकरी राहिली. साहेबांनी ही गोष्ट मरेपर्यंत बाहेर काढली नाही, तेही त्यांच्या नावावर लिहायला हवं.

निजामी गेली, शाळा वाढली, बाई मुख्याध्यापिका झाल्या. मी त्यांच्याचकडे शिक्षिकेच्या जागेसाठी गेले. मला दमा होता आणि शिक्षिकेची नोकरी म्हणजे दिवसभर खडूची धूळ. रात्रभर मनाशी घोकलेलं मी घाईघाईनं सुरू केलं, "बाई, आधी एक सांगायचंय, मला..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आधी एक तास घ्यायला लावला, मागच्या बाकावर बसून पुरता ऐकला. मग आपल्या खोलीत नेऊन समोरची खुर्ची पुढं सरकवली.

"तुला घेतलंय," त्या म्हणाल्या. "आता सांगायचं असेल तर सांग. नसेल तर चहा पी."