पहिल्या रांगेतली खुर्ची

हे मी कोणाजवळच बोललेले नाही. तशी बोलण्यात मी मागे नाही. अमरावतीत कुणाचा सत्कार असो की लग्नाचा वाढदिवस, सूत्रसंचालनाला मीच असते. कार्यक्रम संपतो, माणसे जेवायला वळतात, मी घरी येऊन कुलूप उघडते. आणि मग हे न बोललेले तेवढे सोबत असते.

दर्यापूरच्या शाळेत वक्तृत्वाला आम्ही दोघी — मी आणि मंगला. तिच्या घरी भाजीचा मळा. पोरगी सकाळी मेथीच्या जुड्या बांधून शाळेत यायची. वक्तृत्व म्हणजे तेव्हा काय? सरांनी भाषण लिहून द्यायचे, आम्ही ते घोकायचे. आणि एक रीत होती. एकजण बोलत असली की दुसरीने पहिल्या रांगेत, अगदी समोर बसायचे. ती अडली तर पुढचा शब्द नुसत्या ओठांनी सांगायचा. सगळ्याच शाळांची पोरे हे करत, परीक्षकही काणाडोळा करत. म्हणून एकमेकींची भाषणे आम्हाला स्वतःच्या भाषणाइतकीच पाठ असायची.

अकोल्याच्या स्पर्धेत आधी मी बोलले. टाळ्या मिळाल्या, पहिला नंबर माझाच असे मी धरूनच चालले होते. मग मंगला उभी राहिली. विषय होता श्रमाचे मोल. आता कसे सांगू — शब्द सरांचेच होते, पण ती बोलायला लागली आणि ते तिचे झाले. माझ्या भाषणात चुळबुळणारी पोरे गप्प झाली. परीक्षकांनी पेन खाली ठेवले. मला तिचे कौतुक वाटले का? नाही. माझा जळफळाट झाला.

आणि ती अडली.

तिने माझ्याकडे पाहिले. घाबरून नाही — हक्काने. मी समोर बसलेय म्हटल्यावर तिला कसली भीती? शब्द माझ्या जिभेवर होता. मी खाली वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्ट्याला काहीही झालेले नव्हते. सभागृहात कुणीतरी फिदकन हसले, मग बरेच जण हसले. मी वर पाहिले तेव्हा ती पायऱ्या उतरत होती.

परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर पहिल्या नंबरचा कप होता. मी म्हणाले, मलाही आठवले नाही गं. तिने डोळे पुसले आणि उलट माझाच हात धरला. "जाऊ दे वं. तुले तरी किती ध्यानात राहीन?"

त्यानंतर ती स्टेजवर चढली नाही. आता अकोल्यालाच दिलेली आहे, नवऱ्यासोबत बाजारात भाजी विकते. मी गेले की पिशवीत कोथिंबीर जास्तीची टाकते. गेल्या महिन्यात तिची लेक तिथेच बसली होती. शाळेने तिचे नाव वक्तृत्वाला घेतले होते, आणि मंगला तिला जाऊ देत नव्हती.

"नको म्हनलं मी. आमच्या घरात कोनाच्या ध्यानात राहत नाही. लोकायसमोर फजिती कायले करून घ्याची?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच सांग इले. तू होती ना तिथं, समोरच."

पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. खरे सांगायला किती वेळ लागला असता? मी पिशवी उचलली आणि म्हणाले, आई म्हणते तर राहू दे.

दुसऱ्यांदा, त्याच माणसासमोर.

तो शब्द ‘माती’ होता. मला तो येत होता. ओठ नुसते मिटून उघडले असते, तरी तिला कळले असते.