रद्द वाचनांची जागा

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. हवा कोरडी. सकाळी संगणक सुरू होताना तपासणीला बसला, एकोणीस मिनिटं. दोष नाही. दुपारी तीनला वाचन अडलं. पडद्यावर: जागा शिल्लक नाही.

एवढं काकूंनी वाचनालयाच्या टेबलावरच वहीत लिहिलं आणि मग तंत्रज्ञाला फोन लावला. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं हे दोन खोल्यांचं वाचनालय. नवरा गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात काकू इथे वाचायला येऊ लागल्या, त्याला नऊ वर्षं झाली. एका मुलीची शनिवारी कायद्याची परीक्षा होती आणि तिचा शेवटचा धडा आज व्हायलाच हवा होता.

तंत्रज्ञ आले ते हेल्मेट काखेत मारूनच. "सकाळी तपासणीला बसला म्हणता? मग डिस्क आटोपली, काकू."

"काही आटोपली नाही. तीस वेळा सुरू झाला की एकदा तपासतो, हे तुम्हीच लावून दिलंय. मागची तपासणी चोवीस सप्टेंबर. तेव्हाही एकोणीसच मिनिटं." काकूंनी वहीचं पान त्यांच्या नाकापुढे धरलं.

"तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही," म्हणत त्यांनी डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' ही दोन अक्षरं टाइप केली. संगणकातल्या लिनक्स प्रणालीने डिस्कच्या दोन्ही विभागांचा हिशेब लगेच मांडला. यंत्रणेचा विभाग एक्केचाळीस टक्के भरलेला, वाचनांचा शंभर.

"मग त्यातली थोडी रिकामी जागा याला द्या की," काकू म्हणाल्या.

"शेजारची खोली रिकामी आहे म्हणून भिंत सरकते का? सरकवायची तर आधी सगळं सामान बाहेर काढावं लागतं. ते ठेवायला दुसरी डिस्क पुढच्या महिन्यात येणार. आज काहीतरी पुसा." त्यांचं बोट पडद्यावरच्या वाचनांच्या यादीवरून फिरत थांबलं. "हे बघा, गुरुजींचं. केवढं जुनं! नुसती खरखर, वर खोकला."

गुरुजी इथले पहिले वाचक; चार वर्षांपूर्वी गेले. बाकावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक अंध गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना टेलिफोनवालेच म्हणत. त्यांनी काठी आपटली.

"खबरदार! त्या खोकल्याची जागासुद्धा पाठ आहे मला. सातवं प्रकरण, होडी उलटते तिथे. गुरुजींना परत वाचायला बोलावणार आहात का तुम्ही?"

तंत्रज्ञांनी यादीवरून बोट उचललं. गुरुजींच्या वाचनाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्लीय, ते दाखवा आधी," काकू म्हणाल्या.

यादी आली. सगळ्यात वर होतं 'रद्द'. गुरुजींच्या सगळ्या पुस्तकांहून मोठं.

काकूंचा चेहरा उतरला. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं: चुकलं तरी पान फाडायचं नाही, एक सरळ रेघ मारायची, तारीख घालायची. त्यांच्या सत्तावन्न वह्यांतलं एकही पान फाटलेलं नव्हतं. इथेही जीभ अडखळली की ते वाचन तारीख घालून त्या 'रद्द'मध्ये ठेवत आल्या होत्या.

"दोन हजार एकशे चौदा!" तंत्रज्ञांनी कपाळाला हात लावला. "अहो, लोक दागिने जपतात. तुम्ही चुका?"

"वहीत रेघ मारलेली ओळ आपल्या जागीच राहते," काकू सावकाश म्हणाल्या. "वेगळी जागा मागत नाही."

"इथे मागते."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. सगळ्यात जुनी तारीख त्यांच्या पहिल्या वाचनाची होती. त्या दिवशी तिसऱ्या वाक्यातच रडू फुटलं होतं. ते वाचन त्यांनी पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. पण ते तिथे आहे, हे ठाऊक होतं.

तंत्रज्ञांनी हात पुढे केला. "मी पुसू?"

"नको."

काकूंनी आधी वहीत लिहिलं: रद्द वाचनं २११४, पहिल्याची तारीख, शेवटच्याची तारीख. मग स्वतःच्या बोटाने कळ दाबली. आकडा शंभरावरून अडुसष्टावर आला.

धडा वाचताना दुसऱ्याच परिच्छेदात जीभ घसरली. क्षणभर हात 'रद्द'कडे वळला. मग त्यांनी ते वाचन तिथल्या तिथे पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"पहिलं जास्त रंगलं होतं हो," टेलिफोनवाले बाकावरून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. परत पुसायला लागेल."

सहा वाजता धडा संपला. रात्री वहीत शेवटची ओळ पडली: घरी पोचायला साडेसात. दूध नासलं होतं. चहा कोराच घेतला.